परतीची वाट

घरांतली एखादी वस्तु किती जुनी झाली म्हणजे तिला वस्तु न म्हणतां घरचें माणूस म्हणावें, ह्याचा नियम कोणा शास्त्रकारानें सांगितला असल्यास आम्हांला ठाऊक नाहीं. देवघरांतील समईला तो मान आपोआप मिळतो. आजीच्या पितळी डब्यालाही मिळतो. आमच्या घरीं तो एका मोटारीला मिळाला आहे. ती १९५० सालची मॉरिस मायनर आहे. आमच्या तीर्थरूपांनीं ती घेतली. त्यांच्या पश्चात् ती आमच्या दादांकडे आली. आणि आज ब्याऐंशी वर्षांचे दादा तिच्याविषयीं बोलूं लागले म्हणजे ऐकणाराला वाटावें कीं ते आपल्या धाकट्या बहिणीची प्रकृति सांगत आहेत.

ह्या जातीच्या गाडीचें कुळ मोठें मनोरंजक आहे. १९४८ सालीं लंडनमधील अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. तिचा आराखडा अलेक इसिगोनिस ह्यांचा. हे गृहस्थ १९०६ सालीं स्मिर्ना येथें जन्मले, आणि पुढें १९५९ सालीं निघालेली 'मिनी' ही गाडीही त्यांचीच निर्मिति. मायनरचा नमुना तयार झाला तेव्हां तो त्यांच्या डोळ्यांना अरुंद दिसूं लागला. त्यांनीं तो उभा मधोमध कापविला, दोन्ही अर्धे एकमेकांपासून दूर सरकवून पाहिले, आणि चार इंचांची रुंदी मनास पटल्यावर तेवढी वाढविली. बंपर मात्र आधींच तयार होऊन बसले होते. म्हणून आरंभींच्या गाड्यांच्या बंपरांना मधोमध जोड दिलेला आढळतो. पंक्तीला ऐन वेळीं पाहुणा आला कीं सर्वांनीं चार बोटें सरकून पाट मांडावा, तसाच हा प्रकार! पुढें ह्या गाड्या सोळा लाखांच्या घरांत निघाल्या. त्यांतली एक आमच्या वाड्याच्या पडवींत उभी आहे, आणि गेल्या माघापर्यंत ती आपल्या चारही चाकांवर निर्वेधपणें आमची सेवा करीत होती.

माघांत सासवडास एका आप्ताकडे मुंज होती. दादांच्या आग्रहानें आम्ही मायनरमधूनच गेलों. परततांना रात्र झाली. पुतण्या गाडी हांकीत होता, दादा त्याच्या शेजारीं, मागें वहिनी आणि आम्ही. दिवेघाट उतरूं लागलों, खालीं मस्तानी तलावाच्या बाजूस काळोख पसरलेला होता, आणि वळणावळणाला पुतण्या बेताबेतानें ब्रेक दाबीत होता. इतक्यांत मागून चाकांचा कर्कश आवाज झाला. एक टेंपो आमच्या डाव्या अंगास घुसतां घुसतां हातभर अंतरावर थांबला. त्याचा चालक उतरून आला. रागापेक्षां भीतीनेंच त्याचा आवाज कांपत होता.

"अहो काका, मागं एकच दिवा दिसतोय तुमचा! मला वाटलं फटफटी चाललीया. बाजूनं काढायला गेलो, तर ही अख्खी गाडी!"

आम्ही सारे उतरून मागें गेलों. पहातों तों दोन्ही दिवे लाल, शांत, व्यवस्थित जळत होते! तो बिचारा पहातच राहिला. पुतण्या हळूच म्हणाला, "झोपेंत असेल." परंतु दादा गप्प होते. गाडींत बसल्यावर ते एवढेंच म्हणाले, "त्याला खोटें बोलून काय मिळायचें होतें? त्यानें जें पाहिलें तें आपण पाहिलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ."

हे शब्द आम्हीं तेव्हांच मनावर घेतले असते तर पुढचे तीन रविवार वांचले असते. ताशीं चाळीस किलोमीटरांनीं चालणारी गाडी एका सेकंदांत अकरा मीटर जाते. एक दिवा दिसला काय नि दोन दिसले काय, हा प्रश्न त्या अकरा मीटरांत जीवनमरणाचा होतो. वहिनींच्या बाजूनें तो टेंपो आला होता, हें आठवलें कीं आजही अंगावर कांटा येतो.

पहिल्या रविवारीं सकाळीं दहा वाजतां आम्हीं चौकशी आरंभिली. येथें वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगतांना आम्हांला संकोच वाटतो: आम्हीं पस्तीस वर्षें महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलें आहे. ओहमचा नियम आमच्या मुखांत श्रीसूक्तासारखा बसलेला. तेव्हां दिव्याचा दोष शोधणें हें आपलेंच काम, असें आम्हीं गृहीत धरलें. पुतण्याला गाडींत बसविलें, "दाब" म्हणून सांगितलें आणि मागें जाऊन पाहिलें. उजवा दिवा लख्ख पेटला. डावाही पेटला, किंचित् मंद भासला खरा, परंतु उन्हांत लाल कांचेचा काय भरंवसा? आम्हीं डावा बल्ब बदलला, हात झटकले आणि दोष गेल्याचें जाहीर केलें.

दोन दिवसांनीं शेजाऱ्यांचा मुलगा रात्रीं सांगत आला, "आजोबा, तुमच्या गाडीचा मागचा एक दिवा लागत नाहीं." आम्ही बाहेर जाऊन पाहिलें, तों पुन्हां दोन्ही लागलेले!

दुसऱ्या रविवारीं आम्ही पद्धतशीर मार्गास लागलों. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांतील तारांवर रबराचें वेष्टण आणि वर रंगीत सुताची वीण असे. हे रंग शोभेसाठीं नव्हते. प्रत्येकाचें घराणें ठरलेलें होतें. तपकिरी तार बॅटरीकडून येणारी, पांढरी इंजिन चालूं करण्याच्या किल्लीकडून निघणारी, निळी पुढच्या मोठ्या दिव्यांची, तांबडी मागच्या व बाजूच्या लहान दिव्यांची, हिरवी फ्यूजमधून पुढें जाणारी, आणि काळी गाडीच्या अंगाला जोडणारी. पाऊणशें वर्षांत आमच्या गाडीचे बहुतेक रंग मळून एकाच वर्णाचे झाले आहेत. तरी ओल्या फडक्यानें पुसलें कीं मूळ रंग डोकावतो. आम्हीं एका बल्बला दोन तारा जोडून परीक्षेचा दिवा केला. त्याचें एक टोक गाडीच्या अंगाला लावलें आणि दुसरें टोक एकेका सांध्यावर टेकवीत निघालों. फ्यूजपाशीं दिवा लागला. ब्रेकच्या तेलाच्या दाबानें मिटणाऱ्या खटक्यापाशीं लागला. थेट डाव्या दिव्याच्या आंतील दोन्ही बोंडांपाशींही लागला. म्हणजे वीज दारापर्यंत येत होती. मग घरांत अंधार कां?

ह्या ठिकाणीं आमच्या शास्त्रज्ञपणानें दगा दिला. कारण सांपडेना तेव्हां आम्हीं गुन्हेगार शोधला. गेल्या दिवाळींत पुतण्यानें मोबाईल भारित करण्यासाठीं दर्शनी फळीखालीं एक लहानसें छिद्र पाडून नवी जोडणी बसविली होती. "शहाणपणा केलास तो हा," आम्ही त्याला म्हणालों. "जुन्या यंत्राला हात लावण्यापूर्वीं विचारायची तुम्हां मुलांना संवयच नाहीं." तो पंचवीस वर्षांचा मुलगा, स्वतः कमावता, त्याला उत्तर देतां आलें असतें. पण त्यानें मान खालीं घालून ती जोडणी आपल्या हातानें काढून टाकली, छिद्रावर चिकटपट्टी लावली आणि तो वर निघून गेला. त्या रात्रीं तो पानावर आमच्या शेजारीं बसला नाहीं. एकत्र कुटुंबांत अशा गोष्टी कोणी बोलून दाखवीत नाहीं. परंतु आमटी वाढतांना वहिनींचा हात क्षणभर थांबला, तो आम्हीं पाहिला.

दोष कांहीं गेला नाहीं. तिसऱ्या रविवारीं एका जाणत्या कारागिराला बोलाविलें. त्यानें सारें पाहिलें, डोकें खाजविलें आणि सांगितलें, "साहेब, तारा म्हाताऱ्या झाल्या. सगळ्याच नव्या टाका." खर्चाचा आंकडा ऐकून दादा उठले. "आतां पुरे," ते म्हणाले. "माणसांच्या जिवाशीं खेळ नको. कोणी हौशी घेणारा मिळाला तर देऊन टाकूं." एवढें बोलून ते आंत गेले आणि देवघराच्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिले. तीर्थरूपांच्या श्राद्धाखेरीज त्यांना असें बसलेलें आम्हीं पाहिलें नव्हतें.

त्याच दिवशीं तिन्हीसांजेला पुतण्या गाडी पडवींत घेत होता. दिवे लावलेले होते. वहिनी तुळशीपुढें निरांजन ठेवून वळल्या, तों गाडीची पाठ त्यांच्या समोर आली. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग ओटीवर येऊन म्हणाल्या, "भावजी, ब्रेक दाबला कीं डावा दिवा विझतो हो."

"पेटत नाहीं, असें म्हणा," आम्हीं सुधारणा केली.

"नाहीं. पेटलेला असतो, तो विझतो. उजवा मोठा होतो आणि डावा विझतो. पाय काढला कीं पुन्हां लागतो."

आम्ही हातांतलें वर्तमानपत्र खालीं ठेवलें. टेंपोवाल्यानें पाहिलें होतें तें हेंच! तो आमच्या मागें असतांना ब्रेक दाबलेला होता. आम्ही उतरून पाहिलें तेव्हां पाय काढलेला होता. आणि आमची रविवारची परीक्षा भर उन्हांत, रात्रीचे दिवे न लावतां झाली होती. आम्हीं प्रत्येक वेळीं नेमकी तीच वेळ निवडली होती, जेव्हां दोष दिसणार नव्हता.

"पण हें व्हावें कसें?" आम्ही पुटपुटलों. "वीज तर येते आहे. दोन्ही बोंडांपाशीं येते आहे."

वहिनी पदराला हात पुशीत म्हणाल्या, "त्या पावसाळ्यांत स्वयंपाकघरची मोरी तुंबली होती, आठवतें? तिचें पाणी आंतल्या अंगानें न्हाणीच्या नळींतून जात होतें, म्हणून कोणाच्या लक्षांतच आलें नाहीं. पण न्हाणींत कोणी बंब रिकामा करूं लागलें कीं माझ्या मोरींतलें पाणी जागच्या जागीं उभें राही. तुम्ही आपले नळाला पाणी आहे का तेवढेंच पहातां. मोरी तुंबली आहे का, तें पहा कीं!"

पस्तीस वर्षें आम्हीं जें फळ्यावर लिहिलें, तें ह्या माउलीनें चार वाक्यांत सांगितलें. विजेला जाण्याची वाट लागते तशी परतण्याचीही लागते. दोन्ही मिळून वर्तुळ पुरें होतें. मोटारींत जाण्याची वाट तांब्याच्या तारेंतून असते, आणि परतीची वाट गाडीच्या लोखंडी अंगांतूनच असते. त्यामुळें निम्मी तार वांचते. आमच्या गाडींत बॅटरीचें धन टोक अंगाला जोडलेलें आहे. पुढें बहुतेक कारखान्यांनीं ऋण टोक जोडण्याची रीत धरली. परंतु तत्त्व एकच. बल्बच्या पितळी टोपीचा दिव्याच्या घराशीं आणि त्या घराचा गाडीच्या पत्र्याशीं स्पर्श झाला, तरच दिव्याला परतीची वाट मिळते.

मागच्या बल्बमध्यें दोन तंतु असतात. एक रात्रभर जळणारा, सुमारें ६ वॅटचा. दुसरा ब्रेक दाबल्यावर पेटणारा, १८ ते २१ वॅटचा. दोघांची पितळी टोपी मात्र एकच. आतां ह्या टोपीचा पत्र्याशीं संबंध तुटला आहे, असें धरूं. रात्रीं लहान तंतूला वीज येते. घरीं परतायला वाट नाहीं; म्हणून ती टोपींतून स्वतःच्याच मोठ्या तंतूंत शिरते, तेथून ब्रेकच्या तारेनें उजव्या दिव्याकडे जाते, आणि उजव्याच्या मोठ्या तंतूंतून, त्याच्या चांगल्या सांध्यानें, अंगाला मिळते. मोठ्या तंतूंचा विरोध थोडा असल्यामुळें डाव्या दिव्याच्या तेजांत फारशी उणीव दिसत नाहीं. शेजाऱ्याच्या अंगणांतून त्याचें जाणें-येणें चाललेलें असतें, आणि पहाणाराला वाटतें, सारें ठीक आहे. पण ब्रेक दाबला कीं त्या ब्रेकच्या तारेंतही पुरे बारा व्होल्ट येतात. डाव्या बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब. मग प्रवाह कोणीकडे वहाणार? दोन्हीं तंतु एकदम थंड पडतात. ज्या क्षणीं मागच्या माणसाला आपण थांबत आहों हें सांगणें अत्यंत अगत्याचें, नेमका त्याच क्षणीं तो दिवा मुका होतो.

आणि दिवसां? रात्रीचे दिवे बंद असतांना ब्रेकची वीज डाव्याच्या मोठ्या तंतूंतून टोपींत, टोपींतून लहान तंतूंत, आणि तेथून तांबड्या तारेनें बाकीच्या लहान दिव्यांकडे उतरते. म्हणून तो मंद कां होईना, पेटतो. आमचा परीक्षेचा दिवा तरी काय सांगणार? त्याचें एक टोक आम्हीं मोठ्या विश्वासानें गाडीच्या चांगल्या पत्र्याला लावलें होतें. त्याला त्याची परतीची वाट आम्हींच दिली होती!

पुतण्याला हांक मारली. तो मुकाट्यानें गाडींत जाऊन बसला. व्होल्टमापकाची एक सुई डाव्या दिव्याच्या पितळी घराला आणि दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्याला लावली. ह्या दोन जागांत दाबाचा फरक जवळजवळ शून्य असावयास पाहिजे. रात्रीचे दिवे लावून ब्रेक दाबविला, तों पुरे बारा व्होल्ट! मग एक उघडी तार त्या घरापासून पत्र्याला नुसती टेकविली. डावा दिवा डोळे दिपतील असा पेटला. ओटीवरून धाकट्या नातीनें टाळ्या वाजविल्या.

दिवा खोलला. त्याची बैठक जेथें पत्र्याला टेकते तेथें, आणि स्क्रूच्या भोंवतींही, काळा, गुळगुळीत, सुंदर रंग चढलेला होता. रंग म्हणजे विजेच्या वाटेंतला धोंडाच. तो रंग पाहिला आणि आमच्या अंगाला घाम सुटला. गेल्या मार्गशीर्षांत भाचीच्या लग्नासाठीं गाडीला नवा रंग दिला होता. दिवे काढून ठेवलेले होते. रंगारी बैठकीच्या जागा कागदानें झांकूं लागला, तेव्हां "आंतूनही दे रे बाबा, गंज नको," असें बजावणारे आम्ही. आणि रंग वाळल्यावर, पुतण्याच्या हातून पांचर घेऊन, "तुला जमायचें नाहीं" असें म्हणत ते दिवे परत बसविणारेही आम्हीच. उजव्या दिव्याचा स्क्रू जोरानें आवळला गेला, त्याच्या दांत्यांनीं रंग खरवडला, म्हणून तो वांचला; डावा हलकासा बसला. कारखान्याचा दोष नव्हता, तारांच्या म्हातारपणाचा नव्हता, त्या मुलाच्या जोडणीचा तर नव्हताच.

त्या वेळीं एक मोह झाला, तो लपवीत नाहीं. अंधार होता, मागें कोणी नव्हतें. कागदानें चार वेळां घासलें असतें, तर दोष गेला असता आणि कारण आमच्याजवळच राहिलें असतें. 'जुनी गाडी, असें व्हायचेंच' एवढें वाक्य पुरलें असतें. परंतु पुतण्या अजून ब्रेकवर पाय ठेवून, आरशांतून आमच्याकडे पहात बसला होता.

आम्हीं त्याला खालीं बोलाविलें, तो रंग दाखविला आणि म्हटलें, "हें माझें काम आहे. तुला उगाच बोललों."

तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें आमच्या हातांतून पॉलिश-कागद घेतला, बैठकीची जागा पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासली, स्क्रूखालीं दांत्यांची वायसर घातली, वर व्हॅसलीनचा हात फिरविला, म्हणजे पुन्हां गंज धरावयास नको. मग स्वतःच्या बुद्धीनें एक काळी तार दिव्याच्या घरापासून पत्र्याच्या दुसऱ्या बोल्टापर्यंत ओढली. "एक वाट बंद पडली तर दुसरी असूं दे, काका," तो म्हणाला. उजव्या दिव्यालाही त्यानें तशीच तार दिली. पुढचे दिवेही त्यानें तपासले, आणि तेथें सांध्यावरचा हिरवा कीट खरवडतांच दोघांचा उजेड चांगला वाढला. ह्यांत नवल नाहीं. बल्बला मिळणारा दाब दहा टक्क्यांनीं घटला तर त्याचा उजेड सुमारें तीस टक्क्यांनीं घटतो. थोड्याशा किटानें फार मोठा अंधार पडतो.

दादा केव्हां बाहेर येऊन उभे राहिले होते, कळलें नाहीं. त्यांनीं पुतण्याला दहा वेळां ब्रेक दाबावयास लाविला, दहाही वेळां दोन्ही दिवे मोठे झालेले पाहिले, आणि विकण्याची गोष्ट पुन्हां काढली नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "त्या टेंपोवाल्याचें नांवगांव विचारायला हवें होतें. त्याचे आभार राहिले."

पुढच्या आठवड्यांत आम्ही सारे पुन्हां सासवडास जाऊन आलों. मुद्दाम रात्रीं परतलों. घाट उतरतांना मागून येणाऱ्या गाड्या आपआपलें अंतर राखून येत होत्या. दर्शनी फळीखालीं पुतण्याची ती जोडणी पुन्हां बसलेली होती, आणि तींत दादांचाच मोबाईल लटकत होता. त्या रात्रीं पानावर तो आमच्या शेजारीं बसला. वहिनींनीं आधीं त्याला भात वाढला, मग आम्हांला, आणि वाढतां वाढतां सहज विचारल्यासारखें विचारलें, "भावजी, मोरी मोकळी झाली ना?"

आम्ही "झाली" म्हटलें, आणि वरणासाठीं पान पुढें केलें.